रुब्ब-उस-सूसची ताकद कशी मोजावी?
वनौषधींच्या सत्त्वांचे प्रमाणीकरण : व्यापारी व कारागीर बंधूंसाठी एक पाठ

आपल्या समाजातील कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या जडीबुटीच्या व्यवसायात आहेत. कोणाचे काष्ठौषधीचे दुकान आहे, कोणी अर्क व शरबते काढतो, कोणी हकिमांना माजून-खमिरे बनवून देतो, तर कोणी मुंबईच्या घाऊक पेठेतून कच्चा माल उचलून तालुक्याच्या बाजारात पोहोचवतो. या धंद्यात माल नाकाने, जिभेने व बोटांनी पारखला जातो. ही पारख मोठी विद्या आहे व ती टिकलीच पाहिजे. परंतु आज औषध कंपनीचा किंवा निर्यातदाराचा माणूस दुकानात येतो तेव्हा तो आणखी एक प्रश्न विचारतो : "या सत्त्वात टक्का किती?" याचे उत्तर देता आले नाही तर चांगला मालही परत येतो, नाहीतर मधला दलाल तो पडेल भावाने घेतो, प्रयोगशाळेतून आकडा काढून आणतो आणि तोच माल चढ्या भावाने विकतो. मेहनत कारागिराची आणि नफा आकडेवाल्याचा, अशी ही गत आहे.

हा आकडा म्हणजे काय, तो कसा काढतात आणि लहान कारखानदाराला त्यासाठी काय करता येईल, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. सगळ्या वनस्पतींची चर्चा एका लेखात होणे शक्य नाही. म्हणून आम्ही एकच उदाहरण घेतले आहे. ते आहे ज्येष्ठमधाचे.

रुब्ब म्हणजे काय?

ज्येष्ठमधाला युनानीत असलुस्सूस म्हणतात. भारतात येणारे ज्येष्ठमध बहुतांशी अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातून येते. ही मुळे भरड कुटून पाण्यात भिजवतात, उकळतात, गाळतात आणि ते पाणी मंद आचेवर आटवतात. शेवटी जो काळा, घट्ट, गोड गोळा उरतो तो रुब्ब-उस-सूस होय. वैद्य मंडळी अशा वस्तूला घनसत्त्व म्हणतात. खोकल्याच्या लऊकात, गोळ्यांत व शरबतांत ते जाते. युनानीतला 'अर्क' मात्र वेगळा. तो भट्टीवर वाफ थंड करून काढलेला असतो. बाजारात दोन्हींना सरसकट 'अर्क' म्हणण्याची सवय आहे, ती मोठ्या ऑर्डरीच्या वेळी घोटाळा करते. तेव्हा कागदावर नेहमी स्पष्ट लिहावे : पाण्यात काढलेले घट्ट सत्त्व, की पूड, की ऊर्ध्वपातन केलेला अर्क.

ज्येष्ठमधाची गोडी मुख्यतः ज्या द्रव्यामुळे येते त्याचे नाव ग्लिसिरायझिन. ते साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड आहे. ज्येष्ठमधात इतरही अनेक द्रव्ये आहेत व औषधाचा गुण एकट्या ग्लिसिरायझिनचा नसतो. पण ते मोजता येते, ते ज्येष्ठमधाच्या ओळखीचे आहे आणि त्याचे परिणाम माहीत आहेत. म्हणून प्रत ठरवताना त्याला खुणेचे द्रव्य मानतात. युरोपीय फार्माकोपियाने वाळलेल्या मुळात ते किमान ४ टक्के असावे असे ठरवले आहे. सोनामुखीत सेनोसाइड, हळदीत कर्क्युमिन, अश्वगंधात विथॅनोलाइड ही अशीच खुणेची द्रव्ये आहेत.

रंग एक, ताकद दोन

आता एक हिशेब पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

एका कारागिराने मुळांचे दोन लॉट घेतले, प्रत्येकी १०० किलो. पहिल्या लॉटमध्ये ग्लिसिरायझिन ४ टक्के, म्हणजे ४ किलो. दुसऱ्यात अडीच टक्के, म्हणजे अडीच किलो. उकळताना दोन्ही वेळी ८० टक्के द्रव्य पाण्यात उतरले आणि दोन्ही वेळी २५ किलो सत्त्व निघाले. पहिल्या सत्त्वात ३.२ किलो ग्लिसिरायझिन आले, म्हणजे १२.८ टक्के. दुसऱ्यात २ किलो, म्हणजे ८ टक्के.

दोन्ही गोळे काळे, दोन्ही गोड. पण पहिला दुसऱ्यापेक्षा दीडपटीहून अधिक जोरदार आहे. आणि एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. दोन्हींवर 'चारास एक' असेच लिहिता येते, कारण १०० किलो मुळाचे २५ किलो सत्त्व झाले आहे. बाजारात 'दहास एक', 'वीसास एक' अशी पाटी पाहून लोक भुलतात. ही पाटी किती मूळ आटवले एवढेच सांगते. ते मूळ कसे होते आणि त्यातले किती उतरले हे ती सांगत नाही. म्हणून खरेदीदाराने गुणोत्तर आणि टक्का दोन्ही मागावेत, व विक्रेत्याने दोन्ही द्यावेत.

हा फरक फक्त पैशाचा नाही

कोणी म्हणेल, जोरदार माल गेला तर गिऱ्हाइकाचा फायदाच झाला. ज्येष्ठमधाच्या बाबतीत हे खरे नाही. ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला अडवते. त्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तदाब चढतो. १९४० च्या दशकात हॉलंडमधील डॉक्टर पोटातील अल्सरसाठी ज्येष्ठमधाचे सत्त्व देत होते तेव्हा रोग्यांच्या अंगावर सूज आल्याचे त्यांना दिसले होते. युरोपीय संघाच्या खाद्यविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये असे मत दिले की नेहमी घेणाऱ्याने दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लिसिरायझिन घेऊ नये.

आता वरचा हिशेब पुन्हा पाहा. १० टक्क्यांच्या सत्त्वाच्या एका ग्रॅमात बरोबर १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन असते. हकीमसाहेबांनी ८ टक्क्यांच्या मालावर मात्रा बसवली आणि पुढच्या महिन्यात त्याच बरणीत १२.८ टक्क्यांचा माल आला, तर रक्तदाबाच्या वृद्ध रोग्याला ८० ऐवजी १२८ मिलिग्रॅम जाईल. हकीमसाहेबांचे निदान बरोबर, मात्रा बरोबर, तरी रोग्याला त्रास. दोष कोणाचा? ज्याने सत्त्व न मोजता दिले त्याचा. उलट बाजूने माल कमजोर निघाला तर औषध लागू पडत नाही आणि बदनामी हकिमांची व साऱ्या युनानी चिकित्सेची होते.

एकसारखी ताकद कशी आणावी?

मूळ हे जमिनीतले पीक आहे. जात, वय, जमीन, काढणीचा हंगाम, वाळवण व साठवण यांनुसार ते बदलणारच. निसर्ग एकसारखा नसतो, म्हणून कारागिराने शेवटी माल एकसारखा करायचा असतो. त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता मिश्रणाचा. समजा आपल्याला १० टक्क्यांचे सत्त्व द्यायचे आहे. जवळ १२.८ व ८ टक्क्यांचे लॉट आहेत. शाळेतले मिश्रणाचे गणित येथे कामास येते. दहा व आठ यांतला फरक २, आणि १२.८ व दहा यांतला फरक २.८. म्हणून जोरदार मालाचे २ भाग आणि कमजोर मालाचे २.८ भाग, म्हणजेच ५ किलोस ७ किलो. पडताळा : ५ किलोत ६४० ग्रॅम, ७ किलोत ५६० ग्रॅम, मिळून १२ किलोत १,२०० ग्रॅम, म्हणजे १० टक्के.

दुसरा रस्ता भरणद्रव्याचा. १२.८ टक्क्यांच्या १०० किलो कोरड्या सत्त्वात २८ किलो माल्टोडेक्स्ट्रिन मिसळले तर १२८ किलो माल १० टक्क्यांचा होतो. पुष्कळ पूड सत्त्वे अशीच बनतात व त्यात गैर काही नाही, मात्र लेबलावर व सर्टिफिकेटात भरणद्रव्याचे नाव व प्रमाण लिहिले पाहिजे. लिहून घातले तर ते प्रमाणीकरण, लपवून घातले तर ती भेसळ. वस्तू तीच, वजन तेच, फरक फक्त अमानतीचा.

एक इशारा. मिश्रण फक्त ताकद जुळवण्यासाठी करावे. ज्या लॉटला बुरशी लागली आहे किंवा ज्यात शिसे मर्यादेबाहेर आहे, तो चांगल्या मालात मिसळून 'पास' करून घेणे हे औषधनिर्मितीच्या नियमांत बसत नाही. असा लॉट बाजूला काढावा.

स्वस्त मूळ महाग कसे पडते?

खरेदीतही हा आकडा उपयोगी पडतो. भाव पुन्हा केवळ हिशेबासाठी धरू. ४ टक्क्यांचे मूळ २०० रुपये किलो, आणि अडीच टक्क्यांचे १५० रुपये किलो. वरकरणी दुसरे स्वस्त. पण एक किलो ग्लिसिरायझिनसाठी पहिले मूळ २५ किलो लागते, खर्च ५,००० रुपये. दुसरे ४० किलो लागते, खर्च ६,००० रुपये. शिवाय जास्त मूळ म्हणजे जास्त पाणी, जास्त जळण आणि जास्त मजुरी. स्वस्त माल घेणारा येथे हजार रुपये अधिक देऊन बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. १० टक्के ओलाव्याच्या १०० किलोत ९० किलो कोरडे मूळ असते. १६ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत ८४ किलो. वरचे ६ किलो पाणी आपण मुळाच्या भावाने विकत घेतो, आणि तेच पाणी पावसाळ्यात बुरशी आणते. युरोपीय फार्माकोपियात ज्येष्ठमधाला वाळवणीतील घट जास्तीत जास्त १० टक्के मान्य आहे. सौदा करतानाच ओलाव्याची अट घालावी.

आपल्या कारखान्यात होतील अशा चाचण्या

सगळे काम बाहेरच्या प्रयोगशाळेचे नाही. अचूक तराजू, तापमान राखणारी भट्टी व काचेची थोडी भांडी एवढ्यावर पुढील गोष्टी होतात.

१) ओळख : मूळ मोडून आतील पिवळा, तंतुमय भाग व चव पाहावी. ओळखीच्या खऱ्या मुळाचा नमुना बरणीत ठेवून प्रत्येक लॉट त्याच्याशी ताडावा. गुंजेच्या मुळाला जुन्या व्यापारात 'देशी ज्येष्ठमध' म्हणत आले आहेत व ते बदली म्हणून खपते. गुंजेचे बी विषारी आहे हे सर्वांस ठाऊक आहेच.

२) ओलावा : भरड तोलून १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. घटलेले वजन म्हणजे ओलावा.

३) पाण्यात विरघळणारा अंश : ५ ग्रॅम भरड १०० मिलिलिटर पाण्यात बंद बाटलीत घालावी. पाणी नासू नये म्हणून त्यात किंचित क्लोरोफॉर्म घालतात. सहा तास अधूनमधून हलवून अठरा तास तसेच ठेवावे. मग गाळून २५ मिलिलिटर पाणी उथळ भांड्यात आटवावे, १०५ अंशांवर वाळवावे व तोलावे. हे २५ मिलिलिटर १.२५ ग्रॅम मुळाचे असते. ०.३० ग्रॅम उरले तर अंश २४ टक्के. यावरून या लॉटचे सत्त्व अंदाजे किती निघेल हे आधीच कळते.

४) राख : मूळ जाळून उरलेल्या राखेतला जो भाग आम्लात विरघळत नाही तो मुख्यतः माती व वाळू असतो. मालात माती किती विकत घेतली ते यातून कळते. यासाठी अधिक उष्णतेची भट्टी लागते. ती नसेल तर बाहेरून करून घ्यावी.

ग्लिसिरायझिनचा टक्का, जड धातू व जंतू या तीन चाचण्या मात्र सरकारमान्य प्रयोगशाळेतच कराव्यात. चार किलो मुळाचे एक किलो होते तेव्हा नको असलेली द्रव्येही एकवटू शकतात, म्हणून मूळ तपासले तरी सत्त्व पुन्हा तपासावे. भारतात मान्य मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा आहेत. एक पीपीएम म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली असता पाचांपैकी एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. ही बातमी जगभर झाली आणि १ जानेवारी २००६ पासून भारताने निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली.

आकड्यातही फसवणूक होते

आकडा आला म्हणजे सगळे झाले असे समजू नये. कमजोर सत्त्वात बाहेरून शुद्ध ग्लिसिरायझिनचा क्षार घातला की टक्का भरतो. हळदीच्या सत्त्वात कारखान्यात बनवलेले कर्क्युमिन मिसळण्याचे प्रकार उघड झाले आहेत. 'ताकदीच्या' देशी औषधांत सिल्डेनाफिल हे ॲलोपॅथीचे औषध वारंवार सापडले आहे. म्हणून समजदार खरेदीदार एका आकड्यावर थांबत नाही. तो क्रोमॅटोग्राफीचा पट मागतो. या चाचणीत वनस्पतीतली अनेक द्रव्ये पट्ट्यांच्या रूपाने वेगवेगळी दिसतात व खऱ्या वनस्पतीच्या पट्ट्यांशी ताडता येतात. बोटाच्या ठशाने माणूस ओळखावा तसाच हा प्रकार आहे.

आणि सर्वांत आधी नाव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका दवाखान्यात वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. त्यांत 'फांगजी' नावाची मुळे होती. चिनी बाजारात हे नाव दोन वेगळ्या वनस्पतींना लागते. एका जागी दुसरी आली, आणि ती ॲरिस्टोलोकिया कुळातली होती. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा बिघडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या कुळातील औषधांना कर्करोगकारक ठरवले. युनानीतील जरावंद याच कुळातले आहे, हे त्याचा व्यापार करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याकडेही 'ब्राह्मी' हे एकच नाव दोन वनस्पतींना चालते. बिलावर बाजारनावाबरोबर शास्त्रीय नाव लिहून घेण्यास एक मिनिट लागतो.

कायदा काय म्हणतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. आयुर्वेदिक व युनानी औषधे १९६४ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आली. विक्रीसाठी युनानी औषध बनवण्यास परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. हकीम स्वतःच्या रोग्यांसाठी औषध बनवत असतील तर त्यांना सूट आहे, पण तेच औषध दुकानांत पाठवू लागले की सूट संपते. कारखान्याची जागा, स्वच्छता, नोंदी व तपासणी यांचे नियम २००० साली अनुसूची 'टी' मध्ये आले. युनानी फार्माकोपियाचा पहिला खंड १९९८ मध्ये निघाला. २०१० च्या नियमानुसार सत्त्व कशात काढले यावर परवान्याच्या अटी ठरतात. पाणी व अल्कोहोल सोडून दुसऱ्या द्रावकाने सत्त्व काढल्यास सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. जुन्या पद्धतीचे पाण्यातले रुब्ब बनवणाऱ्याला येथे सोय आहे, आणि हलाल सर्टिफिकेट मागणाऱ्या आखाती व मलेशिया-इंडोनेशियाच्या गिऱ्हाइकालाही पाण्यातले सत्त्व पटवणे सोपे जाते.

ही विद्या परकी नाही

मोजमापाचा हा आग्रह पाश्चात्त्यांनी लादला आहे असे काही जुने लोक म्हणतात. इतिहास वेगळे सांगतो. इब्न सीना यांनी 'अल-कानून'च्या दुसऱ्या भागात औषधाचा गुण अनुभवाने तपासण्याच्या अटी दिल्या आहेत. बाराव्या शतकात सीरियातील अश-शैजरी यांनी बाजार-निरीक्षकासाठी, म्हणजे मुहतसिबासाठी, लिहिलेल्या ग्रंथात अत्तारांच्या मालातली भेसळ व ती ओळखण्याच्या रीती सांगितल्या आहेत. आणि १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या संशोधन विभागात डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले व हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलिन' नाव दिले. प्रयोगशाळेत नेण्याची ही सुरुवात हकिमांच्याच प्रेरणेने झाली होती.

आता काय करावे?

लहान कारागिराला महागडी यंत्रे घेण्याची गरज नाही. पाच गोष्टींनी सुरुवात करावी. (१) प्रत्येक लॉटला नंबर द्यावा व एक वही ठेवावी : मूळ कोठून आले, किती उकळले, किती सत्त्व निघाले. (२) प्रत्येक बॅचचा थोडा नमुना सीलबंद ठेवावा. तक्रार आल्यास तोच आपला साक्षीदार. (३) ओलावा व विरघळणारा अंश स्वतः काढावा. (४) एकाच गावातील चार-पाच कारागिरांनी मिळून प्रयोगशाळेशी ठरवून घ्यावे. नमुने एकत्र गेले तर दरात सवलत मागता येते. (५) ज्या घरात मुलगा-मुलगी फार्मसी, रसायनशास्त्र किंवा युनानीचे शिक्षण घेत आहे, त्यांना या वहीवर बसवावे. मुंबई, मालेगाव व अक्कलकुवा येथे युनानी महाविद्यालये आहेत. तेथील औषधनिर्माण विभागाच्या अध्यापकांचा सल्ला घ्यावा.

वडिलांच्या नाकाची पारख आणि मुलाच्या तराजूचा आकडा एका दुकानात आले, तर दलालाला मधे जागा उरणार नाही आणि हकिमांच्या हाती दर महिन्याला तीच ताकद जाईल. औषध घेणारा रोगी सत्त्व तपासू शकत नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाचा हिशेब आपल्याला वहीत ठेवता येतो, तो ठेवावा.